कॅमेरा सदतीस आणि अकरा दिवस

"हे रेकॉर्डिंग कुणीतरी मुद्दाम काढून टाकलंय," मी म्हटलं. हळू बोलायची मला सवय नाही. ते बाहेरच्या पॅसेजमध्येही ऐकू गेलं असणार.

बेंगळुराजवळ होसकोटेच्या औद्योगिक वसाहतीत पुठ्ठ्याचे खोके बनवणारा एक कारखाना आहे. त्याच्या मीटिंग रूममध्ये अपघाताची चौकशी चालू होती. टेबलाच्या एका बाजूला चौकशी समितीची तीन माणसं आणि अ‍ॅडमिन मॅनेजर मंजुनाथ. समोर महादेवी, तिथली कामगार. तिच्या उजव्या हाताला बँडेज होतं. पंचिंग मशीनमध्ये तिच्या दोन बोटांची पेरं गेली होती. मी लॅपटॉप घेऊन टोकाच्या खुर्चीवर होते, कारण त्या कारखान्यातल्या चौसष्ट कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग आमची कंपनी सांभाळते.

प्रश्न साधा होता. पंचिंग मशीनच्या तोंडाशी एक लोखंडी जाळी असते. तिला गार्ड म्हणतात. गार्ड खाली असेल तर हात आत जाऊच शकत नाही. सुपरवायझरने रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की गार्ड महादेवीने स्वतः वर केला. महादेवीचं म्हणणं होतं की काम भराभर उरकावं म्हणून सुपरवायझरनेच तो चार दिवसांपासून तारेने वर बांधून ठेवला होता. रिपोर्ट खरा धरला तर तिच्यावर निष्काळजीपणाचा ठपका येणार होता आणि नोकरी जाणार होती. कॅमेरा सदतीस थेट त्या मशीनकडे बघतो. चार दिवसांचं रेकॉर्डिंग लावायचं आणि बघायचं, एवढंच काम.

मी अपघाताची तारीख टाकली. स्क्रीन करडी. आदल्या दिवसाची टाकली. करडी. त्याच्या आदल्या दिवसाची टाकली. तीही करडी.

"आमचा करार तीस दिवसांचा आहे," मी समितीला सांगितलं. "गेटवर बोर्ड आहे, रेकॉर्डिंग तीस दिवस ठेवलं जातं म्हणून. अपघाताला आज एकवीस दिवस झालेत. म्हणजे ते असायलाच हवं. ते नाहीये, याचा अर्थ कुणीतरी काढलं." आणि मी मंजुनाथकडे बघितलं.

मंजुनाथ पन्नाशीचा, शांत माणूस. तो कानडीत बोलत होता. मी इथे मराठीत सांगते.

"मॅडम, सिस्टीम तुमची. मी कसं काढणार?"

"अ‍ॅडमिन पासवर्ड तुमच्याकडेही आहे."

"आहे. मालकांच्या मोबाइलवर कॅमेरे लावून द्यायला एकदा वापरला. आता तो मला आठवतही नाही."

"सोयीचं विसरता," मी म्हटलं.

समितीचे प्रमुख म्हणाले, "आरोप करताय, तर आधार काय?"

"लॉग," मी म्हटलं. लॉग म्हणजे सिस्टीमची रोजनिशी. कोण आत आलं, कधी आलं, काय बदललं, सगळं त्यात नावानिशी नोंदलेलं असतं. "लॉग कुणाची भीड ठेवत नाही. दोन मिनिटं द्या."

महादेवी माझ्याकडे बघत होती. ती अथणीकडची. मी निपाणीची. सकाळी गेटवर माझं कानडी ऐकून तिने लगेच विचारलं होतं, "तुम्ही आमच्याच भागातल्या न्हवं?" मग मराठीत बोलायला लागली. हाताचं ऑपरेशन, नंतर जखम चिघळली, ताप आला, म्हणून यायला उशीर झाला, असं सांगितलं. "पण मी दिस मोजलेत, ताई. बोर्डावर तीस लिवलंय. आजचा एकविसावा हाय. म्हटलं, तिसाच्या आत पोचाय पायजे."

माझे बाबा निपाणीत विडी कामगारांसाठी पत्रकं लिहायचे. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवर. अशा बाईच्या बाजूने बोलायला मिळावं, याची मी लहानपणापासून वाट बघत होते, असं म्हटलं तरी चालेल. त्या सकाळी ते मिळालं होतं. मला ते आवडत होतं, हेही लिहायला हवं.

मी लॉग उघडला. कॅमेऱ्यांच्या नोंदी वेगळ्या काढल्या. मंजुनाथच्या नावावर एकच नोंद होती, मोबाइल जोडल्याची, दोन महिन्यांपूर्वीची. त्याच आठवड्यात खाली दुसरी एक नोंद होती.

बदल: रिटेन्शन, तीसवरून अकरा. वापरकर्ता: व्ही. पाटील.

व्ही. पाटील म्हणजे मी.

स्क्रीन माझ्याकडे होती. बाकी कुणाला दिसत नव्हतं. समितीचे प्रमुख म्हणाले, "काय म्हणतो तुमचा लॉग?"

मी लॅपटॉप बंद केला. "सर्व्हरवरून नीट तपासावं लागेल," मी म्हटलं. "थोडे दिवस द्या."

या सगळ्या प्रकरणात माझ्या हातून ज्या गोष्टी झाल्या, त्यात ही सगळ्यात वाईट. आधी झाली ती चूक होती. ही मी जाणूनबुजून केली.

काय झालं होतं ते सांगते. तांत्रिक आहे, पण अवघड नाही.

कारखान्यातले कॅमेरे चित्र घेतात आणि इंटरनेटच्या लाइनवरून आमच्या सर्व्हरकडे पाठवतात. आमच्याकडे ते डिस्कवर साठतं. पूर्वी कारखान्याची लाइन बारीक होती. म्हणून आम्ही कॅमेऱ्यांना बांध घातला होता: एवढंच पाठवायचं, जास्त नाही. चित्र जरा धूसर यायचं. एक कॅमेरा दिवसाला वीसेक जीबी खायचा. चौसष्ट कॅमेऱ्यांचे तीस दिवस आमच्या डिस्कमध्ये आरामात मावायचे.

मग फायबरची नवी लाइन आली. मालक बेंगळुरात जयनगरला राहतात. त्यांना घरी बसून मोबाइलवर कारखाना बघायचा होता, आणि स्पष्ट बघायचा होता. खोक्यावरचं छापील नाव वाचता आलं पाहिजे म्हणाले. आम्ही बांध काढला. चौसष्टही कॅमेरे स्पष्ट चित्रावर टाकले. एका क्लिकचं काम. मालकांनी फोन करून कौतुक केलं. एक कॅमेरा आता दिवसाला साठ जीबीच्या वर खायला लागला. डिस्क मात्र होती तेवढीच.

बेंगळुरात घराखाली पाण्याची टाकी असते, तिला इथे संप म्हणतात. निपाणीहून आल्यावर घरमालकाने "संप भरलाय, बघून घ्या" म्हटलं तेव्हा मी दचकले होते, कारण आमच्या घरात संप या शब्दाचा एकच अर्थ होता. तर त्या टाकीसारखं समजा. नळ तिप्पट मोठा केला, टाकी तीच. इंटरनेट वेगवान झालं म्हणजे जागा कमी लागेल, असं लोकांना उगाच वाटतं. उलट आहे. पाठवता येतं म्हणून लोक जास्त पाठवतात, आणि पाठवलेलं कुठेतरी ठेवावंच लागतं.

तीन-चार दिवसांत डिस्क नव्वद टक्के भरल्याचा इशारा आला. मी राव सरांकडे गेले. ते आमच्या कंपनीचे प्रमुख. त्यांचं घराणं कितीतरी पिढ्यांपासून बेंगळुरात आहे. घरी मराठी बोलतात, पण त्यात निम्मी कानडी.

"नवीन डिस्क लागतील सर."

"क्लायंटची मंजुरी यायला वेळ लागेल ग. तोवर स्वल्प अ‍ॅडजस्ट कर. रिटेन्शन कमी कर."

रिटेन्शन म्हणजे रेकॉर्डिंग किती दिवस ठेवायचं तो आकडा. आकडा कमी केला की सिस्टीम त्यापेक्षा जुनं सगळं पुसते आणि त्या जागेवर नवं लिहिते. मी हिशोब केला. अकरा दिवस मावत होते. मी अकरा टाकलं. तात्पुरतं म्हणून. त्या आठवड्यात माझ्याकडे आणखी पाच साइटवर हेच काम होतं, सगळीकडे लाइन मोठ्या झाल्या होत्या. एकामागून एक आकडे टाकत गेले. मग ते विसरले. बोर्डावर तीस होतं, करारात तीस होतं, माझ्या डोक्यातही तीसच राहिलं.

क्लायंटला मी कळवलं नव्हतं असं नाही. महिन्याच्या रिपोर्टच्या चौथ्या पानावर एक ओळ होती. इंग्रजीत. तिचा अर्थ साधारण असा: सध्याच्या आवक प्रमाणानुसार रिटेन्शनचे पॅरामीटर ऑप्टिमाइझ करण्यात आले आहेत. ती ओळ मी लिहिली होती. बाबा म्हणायचे, विडी वळता वळता कानावर पडलं तरी कळलं पाहिजे, असं वाक्य लिही. मला तसं वाक्य लिहिता येतं. "आजपासून रेकॉर्डिंग फक्त अकरा दिवस राहील." सात शब्दही लागले नसते. पण असं लिहिलं असतं तर मंजुनाथने फोन केला असता, का म्हणून विचारलं असतं. तो फोन मला नको होता.

चौकशीतून परतल्यावर मी सरांना सगळं सांगितलं.

"मी स्वल्प कमी कर म्हटलं होतं," ते म्हणाले. "तीसचे अकरा म्हणजे स्वल्प का ग?"

"पंचवीस ठेवले असते तरी डिस्क भरलीच असती सर."

"क्लायंटला कळवलं होतंस?"

"रिपोर्टमध्ये होतं."

"दाखव."

त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. चष्मा काढला. "हे मलाच कळत नाही. तो मंजुनाथ काय समजणार?" मग म्हणाले, "सरी, ठीक आहे. झालं ते झालं. समितीला लिही, रिटेन्शन पॉलिसीनुसार सदर रेकॉर्डिंग उपलब्ध नाही. त्यात खोटं काही आहे?"

"नाही."

"मग?"

मी ते पत्र लिहिलं. पाठवलं नाही, पण काढूनही टाकलं नाही. चार दिवस ते ड्राफ्टमध्ये पडून होतं.

त्या चार दिवसांत मी पुसलेलं परत मिळतं का ते बघत होते. मिळत नाही. एखादी फाइल चुकून डिलीट झाली तर बऱ्याचदा परत आणता येते, कारण जागा अजून तशीच असते. इथे त्याच जागेवर पुन्हा पुन्हा नवं लिहिलं गेलं होतं. पाटी पुसून वर दुसरी गणितं केली, तसं.

तिसऱ्या दिवशी महादेवीचा फोन आला. "ताई, घावलं काय?"

"बघतेय."

"बघा की निवांत. हितं सगळी त्या मंजुनाथाला डिलीटसाहेब म्हणाय लागल्यात." ती हसली. "पासवर्ड काढून घेतला त्याचा. कँटीनमध्ये एकटा जेवतो. बरं झालं. तुम्ही त्या दिवशी लई भारी बोललासा."

फोन ठेवल्यावर मी टेबलावरून उठले नाही. शेजारच्या सहकाऱ्याने विचारलं, बरं नाही का. मी डोकं दुखतंय म्हटलं. एका निर्दोष माणसाला भर मीटिंगमध्ये चोर ठरवून मी घरी आले होते, आणि तो एकटा जेवत होता. माझं खरं सांगणं एका ओळीचं होतं, आणि मी तीन दिवस सर्व्हर तपासत असल्याचं नाटक करत होते. पत्रकांमध्ये अशा माणसांना एक शब्द असायचा. तो मी इथे लिहीत नाही. घरात लहानपणी तो मोठ्याने वाचायला मला मजा यायची.

चौथ्या दिवशी सर्व्हरवर एक वेगळी गोष्ट सापडली. आमची सिस्टीम रोज सकाळी प्रत्येक कॅमेऱ्याचा एक छोटा फोटो घेते. कॅमेरा हलला नाही ना, काचेवर धूळ नाही ना, एवढंच बघायला. फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा. इतका हलका, की पुसायचं कुणाच्या मनातही येत नाही. ते फोटो वर्षभराचे होते.

मी कॅमेरा सदतीसचे अपघाताआधीचे चार फोटो काढले. मोठे करून बघितले. मशीन म्हणजे निळा डाग. गार्ड असायला हवा तिथे काळं. वर, जिथे काही असायला नको, तिथे एक पिवळी रेघ. गार्ड पिवळ्या रंगाचा असतो. त्याच्याही आदल्या, पाचव्या दिवसाचा फोटो काढला, तर रेघ खाली. म्हणजे महादेवी म्हणत होती तसंच, चार दिवस. पण हे मला दिसत होतं, कारण मला काय शोधायचं ते माहीत होतं. परक्या माणसाला चार ठिपके दिसले असते.

स्पष्ट चित्र अकरा दिवसांत गेलं. ज्याच्याकडे कुणी बघत नाही ते धूसर चित्र राहिलं.

मी सरांना फोटो दाखवले आणि म्हटलं, "सर, मी उद्या होसकोटेला जाते. सगळं सांगणार आहे. माझ्या नावासकट."

"कंपनीचं नाव जाईल ग."

"हो."

त्यांनी फोटो परत माझ्याकडे सरकवले. "जा," म्हणाले. "पण बोलून येऊ नकोस. लिहून दे. बोललेलं लोक विसरतात." नंतर म्हणाले, "आणि मी कमी कर म्हटलं होतं, तेही लिही. माझं नाव गाळू नकोस."

दुसऱ्या दिवशी तीच खोली, तीच माणसं. मी कागद वाचून दाखवला. कानडीत आणि मराठीत, दोन्ही. करार तीस दिवसांचा होता. मी तो आकडा अकरा केला. कुणाला कळेल अशा शब्दांत सांगितलं नाही. रेकॉर्डिंग दुसऱ्या कुणीही काढलेलं नाही. मागच्या मीटिंगमध्ये मला हे याच खुर्चीत बसून कळलं होतं, आणि मी ते लपवलं. महादेवी मुदतीच्या आत आली होती. उशीर तिचा नाही. मंजुनाथ यांच्यावर मी केलेला आरोप खोटा होता.

कुणी ओरडलं असतं तर बरं वाटलं असतं. कुणी ओरडलं नाही. महादेवीने पदराने तोंड पुसलं आणि टेबलाकडे बघत बसली.

मग मी फोटो दाखवले. समितीचे प्रमुख चष्मा वर-खाली करत बघत राहिले. "ही पिवळी रेघ म्हणजे गार्ड, हे तुम्ही म्हणता," ते म्हणाले. "तुमच्या म्हणण्यावर आम्ही का विश्वास ठेवायचा?"

प्रश्न रास्त होता.

मंजुनाथने हात पुढे करून फोटो घेतला. खिडकीच्या उजेडात धरला.

"तो गार्डच आहे," तो म्हणाला. "या कॅमेऱ्याखालून मी रोज स्टोअरकडे जातो. त्या दिवसांत गार्ड वर होता. तारेने बांधलेला. मी बघितला होता. सुपरवायझरला बोललोही होतो, त्याने काढतो म्हटलं. मी परत विचारलं नाही."

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"कॅमेऱ्यात आहे म्हणून. वाटलं, कॅमेराच सांगेल. मी कशाला मध्ये पडू? मागच्या वेळी स्क्रीन करडी निघाली, तेव्हा बोलायचं ठरवलं होतं." त्याने माझ्याकडे बघितलं नाही. "पण तोवर मी डिलीट करणारा झालो होतो. माझं कोण ऐकणार होतं?"

म्हणजे पहिल्याच दिवशी, रेकॉर्डिंग नसतानाही, महादेवीला साक्षीदार मिळणार होता. त्याचं तोंड मी बंद केलं होतं. तिच्या बाजूने बोलता बोलता.

निकाल पंधरवड्याने आला. महादेवीवरचा ठपका काढला. नोकरी राहिली, तिला पॅकिंगच्या टेबलावर काम दिलं. सुपरवायझरला दुसऱ्या युनिटला पाठवलं. गार्ड त्यानेच बांधला, असं निकालात लिहिलं नाही. "गार्ड वर असल्याचे आढळले" एवढंच लिहिलं. स्पष्ट चित्र असतं, तर तार बांधणारा हातही दिसला असता.

मंजुनाथची मी वेगळी माफी मागितली. तो म्हणाला, "सरी मॅडम," आणि मला नवीन पासवर्ड लिहून मागितला. चहा विचारला नाही. आधी दर वेळी विचारायचा.

कागद वाचला त्या दिवशी महादेवी गेटपर्यंत आली होती. मी म्हटलं, "रागावलीस का?"

"न्हाई," ती म्हणाली. मग म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी त्याच्यावर वरडलासा, तवा मला लई बरं वाटलं होतं. आता त्याचीच लाज वाटाय लागलीय."

माझ्या वाटणीची लाज तिने घ्यायचं काही कारण नव्हतं. हे मला तिला सांगता आलं नाही. तिची बस आली.

आता त्या कारखान्यात मशीनवरचे वीस कॅमेरे स्पष्ट आहेत, बाकीचे पूर्वीसारखे धूसर. नव्या डिस्क आल्या. रेकॉर्डिंग तीस दिवस राहतं. मालकांनी एकदा फोन करून विचारलं, पार्किंगमधलं चित्र खराब का झालं. मी कारण सांगितलं. त्यांना पटलं नाही. मी बदललं नाही.

माझ्या कामात नवीन येणाऱ्यांना मी हिशोब शिकवते: किती कॅमेरे, किती स्पष्ट, किती दिवस. आणि एक गोष्ट सांगते. डिस्क भरली की सिस्टीम सगळ्यात जुनं आधी पुसते. जखम, ताप, बसचा प्रवास, भीती, यांतून वाट काढत जे मागायला येतात, त्यांना हवं असलेलं नेहमी जुनंच असतं. म्हणून साइट कुठलीही असो, दर सोमवारी सगळ्यात जुना दिवस उघडायचा आणि तो खरोखर आहे का ते डोळ्यांनी बघायचं. आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. आकडा माझ्यासारख्याच कुणीतरी टाकलेला असतो.